पुढच्या बिलात वळते

मुलुंडला माझ्या चहाच्या टपरीवर बँकेतले एक साहेब रोज येतात. आधी ग्लासाची कड रुमालाने पुसतात आणि दर वाक्याला ‘टेन्शन नको घेऊ’ जोडतात. सातवीत शाळा सोडलेल्या मला क्रेडिट कार्ड त्यांनीच मिळवून दिलं. ते उपकार मी विसरलेलो नाही.

पण कर्जाच्या धास्तीने मी मेसेज येताच बिल भरून टाकलं आणि नंतर तेवढेच पैसे खात्यातूनही आपोआप कापले गेले. गावी आईच्या डोळ्याचं ऑपरेशन त्याच पैशांवर अडलंय.

“टेन्शन नको घेऊ रे. पुढच्या बिलात वळते होतील. कार्डावर खर्च कर ना!”

“साहेब, मला खर्च नाय करायचा. पैसे खात्यात परत हवेत. तुमच्याकडे अर्ज दिलाय ना मी?”

“बघू,” म्हणत त्यांनी वीसची नोट दिली आणि हात पुढे धरला. सुट्टे हातात पडल्याशिवाय ते कधी हलत नाहीत. बदल्यात चॉकलेट दिलेलंही त्यांना चालत नाही.

माझं डोकंच फिरलं. मी गल्ला बंद केला.

“टेन्शन नका घेऊ, साहेब. पुढच्या चहात वळते होतील.”

त्यांचा हात तसाच पुढे राहिला. माझा गल्ल्यावर होता. मी तो उचलला नाही.