दात कोणी वाकवला

शेवंता गेली त्याच्या आदल्या सांजेला आम्ही दोघांनी बाजेची दोरी ताणली. एकट्याचं काम नव्हे ते. मी ढिला पडलो की ती म्हणे, “जोर लावा जी, सकाळचा भात कुठं गेला?” दुसऱ्या दिवशी दुपारी धानातलं निंदण काढता काढता शेताच्या बांधावर, धुऱ्यावर बसली, ती उठलीच नाही... बायको होती माझी, बेचाळीस वर्षं. दीड महिना झाला. लोक म्हणतात, रडून मोकळे व्हा. मले रडू येत नाही, थकवा येतो.

मी सातवी नापास. तिची शाळा तर चौथीतच सुटली. पण डोकं तिचं. धानाच्या ओळींतून ढकलायचं निंदणाचं यंत्र मिळे, त्याच्या सरळ दातांत चिखल अडके अन् रोपंही कापली जात. तिनं गावातल्या नारायण लोहाराकडे बसून दात मागं वाकवून घेतले. चार वेळा चुकले, पाचव्यांदा बसले. मग गावच्या बाया एकेक करून नारायणकडून तसंच करून नेऊ लागल्या. तिनं कोणाले ना म्हटलं नाही.

पुढं तसाच दात दोन मोठ्या कंपन्यांच्या यंत्रांत निघाला, अन् त्या एकमेकींवर कोर्टात गेल्या. पहिलीनं दात आपल्या नावानं नोंदवलेला. त्या कंपनीनं नारायणलेही नोटीस धाडली, हा दात करायचा नाही म्हणून. मग दुसरीचा वकील आमच्या अंगणात आला. म्हणे, बाईनं सही केली तर त्यांची नोंद रद्द होते, नारायणची नोटीसही जाते. शेवंता तयारच होती. पण कागद वाचून दाखवला तर त्यात लिहिलेलं, आमच्या साहेबानं सांगितलं तसा या बाईनं दात वाकवला.

ती म्हणाली, “तुमच्या साहेबाचं तोंड मी पाहिलं नाही. त्यायनं खोटं लिवलं, आता तुमीबी लिवता. मंग नारायणनं उद्या तुमच्या नोटीसची वाट पाहाची का?”

वकील हसला अन् उठला. मी तिच्यावर चिडलो. म्हटलं, एक सही केली असती तर गरिबाचा भाता चालू राहिला असता, तुले कायले पाहिजे साहेबाची पंचाईत? दोन दिवस बोललो नाही तिच्याशी. आता ते दोन दिवस फार मोठे वाटतात.

तेरवी झाली अन् वकील परत आला. कागद तोच, तिच्या जागी माझं नाव. नारायण समोर मान खाली घालून बसलेला. मी विचारलं, “तुम्ही जिंकले तर नारायण हा दात करू शकंन का?” वकील म्हणाला, ते मग पाहू. मी म्हटलं, उद्या या.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दोन कागदांवर वाकड्यातिकड्या अक्षरांत तेच तेच लिहिलं. दात शेवंतानं वाकवला, नारायणनं ठोकला, कोण्या साहेबानं सांगितला नाही, ज्याले पाहिजे त्यानं करावा. एक कागद वकिलाले दिला. तो म्हणाला, बाबा, यानं दात आमचा ठरत नाही, यात आमचा काही फायदा नाही. मी म्हटलं, हो. दुसरा पहिल्या कंपनीले. पत्ता नारायणच्या नोटीसवर होताच. शहापूरच्या पोस्टात रजिस्ट्रीच्या रांगेत उभा राहिलो. बाबूनं पाठवणाऱ्याचं नाव विचारलं. तोंडातून तिचंच निघालं... त्यानं लिहून घेतलं, मी खोडायले लावलं नाही.