शिवणीतली माया

आमचे भाऊजी म्हणजे थोरल्या ताईचे यजमान. एकतीस वर्षं पाणीपुरवठ्याच्या पंपावर काढली आणि निवृत्त झाल्याच्या दुसऱ्या दिवशी हा गृहस्थ जो शिलाई मशीनवर बसला, तो अजून उठलेला नाही. कोणी शिकवलं नाही की काही नाही. पंपालाही पट्टा आणि मशीनलाही पट्टा, मग त्यात शिकायचं काय, असा त्यांचा हिशेब. पहिली पिशवी शिवली तर तिला तोंडच नव्हतं! चारही बाजूंनी शिवून मोकळे. ताईने ती आठ दिवस दारात टांगून ठेवली आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवली. "आमच्या ह्यांची पिशवी. आत काही ठेवता येत नाही, म्हणजे काही हरवायची भीती नाही."

पण माणूस हट्टी. वर्षभरात पिशव्यांना तोंडं आली, मग टोप्या आल्या, चष्म्याची घरं आली, गरम भांडी धरायच्या गाद्या आल्या. आमच्या गल्लीत भाऊजींच्या हातची एखादी वस्तू नाही असं घर सापडणार नाही. घेतली नाही तर रुसतात. माझ्या छत्रीलासुद्धा त्यांनी झगा शिवला होता, खिशासकट. छत्रीला खिसा कशाला, विचारलं तर म्हणाले, "असू दे, लागतो."

या सगळ्यात त्यांचा जीव मात्र एकाच कामात. ताईची बंडी. बिनबाह्यांची, अस्तर लावलेली, पुढे दोन मोठे खिसे. ताई ती रोज कपड्यांवरून घालते. किल्ल्या, चष्मा, बडीशेप, सगळं तिच्यातच. दर सहा महिन्यांनी नवी बंडी आणि दर वेळी नव्याने माप. ताई हात वर करून उभी राहते, भाऊजी टेप फिरवतात आणि भिंतीवरच्या दिनदर्शिकेत त्या तारखेच्या चौकटीत आकडा लिहितात. छाती अडतीस. वर्षानुवर्षं अडतीस.

शिवणकामातला एक शब्द मला त्यांच्याकडूनच कळला. शिवणीच्या आत जास्तीचं कापड दडवून ठेवतात, माणूस अंगाने भरला तर उसवून मोठं करता यावं म्हणून. त्याला म्हणतात माया. भाऊजी दोन्ही बाजूंना चांगली बोट-बोटभर माया ठेवत. ताई म्हणायची, "बघ रे, ह्यांची सगळी माया शिवणीच्या आत. बाहेर टिपूस नाही." भाऊजी तोंडातल्या टाचण्या न काढताच हसायचे. टाचणी गिळतील म्हणून मीच हात पुढे करायचो.

उन्हाळ्यात माप घेतलं तेव्हा आकडा आला साडेछत्तीस.

भाऊजींनी पुन्हा घेतलं. साडेछत्तीस. टेप डोळ्यांजवळ धरली, ओढून बघितली आणि एकदम खूष झाले. मला म्हणाले, "टेप ताणलीय! कापडी टेप जुनी झाली की लांबते, मग माप कमी येतं. दहा वर्षं वापरतोय, ताणणारच."

यात खोटं काही नाही. शिवणारी माणसं हे जाणतात. मीही मान डोलावली. ताई हात खाली करत म्हणाली, "टेप बदला. मी काही बदलून मिळणार नाही."

नवी टेप आली. दोन महिन्यांनी, अधेमधेच, भाऊजींनी पुन्हा माप घेतलं. छत्तीसला थोडं कमी. या वेळी ते खूष झाले नाहीत, पण म्हणाले, "हल्ली मालच हलका येतो. आकडे नीट छापत नाहीत." जुनी टेप त्यांनी टाकून दिली होती, त्यामुळे शेजारी ठेवून बघायलाही काही उरलं नव्हतं. मी चहा पीत होतो. ताईने माझ्यापुढे बशीत चार बिस्किटं ठेवली होती, स्वतःपुढे एक. तेही तिने चहात बुडवून माझ्याकडे सरकवलं. "तूच खा. मला आज नको वाटतंय." तिला हे 'आज' रोजच होत होतं, हे माझ्या ध्यानात यायला हवं होतं.

मग भाऊजी पंपावर गेले आणि जुन्या सोबत्याकडून लोखंडी टेप मागून आणली. नळ मोजायची. ती ताणत नाही, आखडत नाही. तिने त्यांनी आधी मशीनचा पाट मोजला, मग नव्या कापडी टेपने तोच पाट मोजला. दोन्ही आकडे तंतोतंत जुळले. भाऊजी पाटाकडे बघत बसले. ताई आतल्या खोलीत होती. तिला त्यांनी हाक मारली नाही, माप घेतलं नाही. माप घेण्यात आता अर्थ नव्हता, आणि ते आम्हा दोघांनाही बोलावंसं वाटेना.

"हिची जुनी बंडी दे बरं दोरीवरची," ते मला म्हणाले. "निदान बाजू आत घेऊन देतो. सैल झाली असेल."

मी बंडी आणून दिली. त्यांनी ती उलटी केली, काखेतली शिवण उजेडात धरली आणि त्यांचा हात थांबला.

"हे टाके माझे नाहीत."

मी वाकून बघितलं. भाऊजींची मशीनची शिवण तपकिरी दोऱ्याची, बारीक, सरळ. तिच्या आत बोटभर सोडून काळ्या दोऱ्याचा हातचा धावदोरा होता, वेडावाकडा, कुठे लांब कुठे आखूड. आणि त्याच्याही आत बोटभर सोडून आणखी एक. दोन्ही बाजूंना तसंच. बंडी कोणीतरी दोनदा आत घेतली होती. शिवणीतली माया फुगून मुठीएवढी झाली होती.

आमच्या ताईने आयुष्यात सुई हातात धरलेली नाही. बटण तुटलं तरी ती भाऊजींपुढे उभी राहायची.

ती दारात येऊन उभी होती. कधी आली, कळलं नाही.

"हो, मीच घातलेत," ती म्हणाली. "खांद्यावरून घसरत होती. लोक विचारायला लागले असते."

"कधीपासून?" भाऊजींनी विचारलं.

"तुमची पहिली टेप ताणली ना, त्याच्या आधीपासून."

"अगं, मग बोलायचं नाही?"

"काय बोलायचं? तुम्ही टेपा बदलत बसला होता. म्हटलं, बसू द्या. तुम्हाला तेवढंच बरं वाटतंय."

मी म्हणालो, "ताई, डॉक्टरकडे तरी जायचं होतंस."

"गेले की तो नाव ठेवणार," ती म्हणाली. "एकदा नाव ठेवलं की मग ते घरातलंच एक माणूस होऊन बसतं. त्याचं पथ्य, त्याची औषधं, त्याचीच चौकशी. मला म्हातारपणी आणखी एक माणूस सांभाळायचं नव्हतं. हे एक आहेत ते पुरेत."

एरवी या वाक्याला आम्ही पोट धरून हसलो असतो. भाऊजींनी मशीनवर झाकण ठेवलं. दिवसाउजेडी त्या मशीनवर झाकण मी पहिल्यांदाच पाहिलं.

"चप्पल घाल," ते म्हणाले.

"आत्ता?"

"आत्ता."

ताई मुकाट निघाली. तिचं मुकाट निघणंच मला जास्त लागलं. ती भांडली असती तर बरं झालं असतं.

डॉक्टर तरुण होता, हसतमुख. पोट दाबून बघेपर्यंत हसतमुख. मग त्याने खूप काही लिहून दिलं, रक्त, फोटो, आणखी कसली कसली तपासणी. म्हणाला, "काळजीचं कारण नाही, शुक्रवारी रिपोर्ट घेऊन भेटा." आम्ही ते 'काळजीचं कारण नाही' घरी घेऊन आलो आणि तीन दिवस त्यावर काढले. भाऊजी मशीनकडे फिरकले नाहीत. ताईच त्यांना म्हणाली, "अहो, काहीतरी शिवा. ती खडखड नसली की घर खायला उठतं." तरी नाही.

शुक्रवार उजाडायच्या आधीच, बुधवारी सकाळी फोन आला. शुक्रवारची वाट बघू नका, आजच या. आणि येताना घरातलं कोणीतरी सोबत आणा.

दवाखान्यात आमचा नंबर चौदावा होता. दोनच पेशंट झाले आणि नंबर पुकारणाऱ्या बाईंनी आम्हाला बोलावलं. रांगेत बसलेलं एकही माणूस कुरकुरलं नाही. सगळे आमच्याकडे बघत राहिले.

"पेशंटने बाहेर बसा, सोबतच्यांनी आधी आत या," बाई म्हणाल्या.

भाऊजी उठले. ताईने त्यांची बाही धरून त्यांना खाली बसवलं.

"मीच जाते. हे आत गेले की बाहेर येऊन मला टेप ताणलीय म्हणून सांगतील."

ती आत गेली आणि दार लागलं. दाराची वरची काच धुरकट होती, आतलं नुसतं हललेलं कळत होतं. ताई बसली. टेबलापलीकडचा डॉक्टर उभा राहिला, टेबलाला वळसा घालून अलीकडे आला, आणि एक खुर्ची ओढून तिच्या शेजारी, अगदी गुडघ्याला गुडघा लागेल अशी, टेकवून बसला.

"जवळ बसला," भाऊजी म्हणाले.

मी म्हणालो, "हो."

"मागच्या वेळी तिकडूनच बोलला होता."

काचेपलीकडे ताईची मान एकदा हलली, हो म्हणाल्यासारखी. मग ती बराच वेळ हलली नाही.