खरखर सर आणि सड्यावरची परात

खरखर सर कुणाच्याही घरी गेले की आधी रेडिओ शोधत. चहा येईपर्यंत त्याचा काटा दोन स्टेशनांच्या मधोमध आणून ठेवत आणि नुसती खरखर ऐकत बसत. एकदा आमच्याच एका सहकाऱ्याच्या घरी लग्नाची बोलणी चालली होती. गाडी मानपानावर येऊन अडली होती आणि सर कोपऱ्यात रेडिओला कान लावून बसलेले. कुणीतरी वैतागून म्हणालं, "सर, ते बंद करा की." सर म्हणाले, "बंद कशाला? ह्या खरखरीत थोडं पावणं वरनं, आभाळातनं, आल्यालं असतंय. त्यास्नी बी कळू दे की काय ठरतंय ते." विद्यार्थ्यांनी ठेवलेलं हे टोपणनाव त्यांना ठाऊक होतं आणि बहुधा आवडतही होतं.

नव्वदच्या दशकात मी कोल्हापूरच्या कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवायला लागले, तेव्हा सर आमचे विभागप्रमुख होते. मूळचे मुरगूडचे. वर्गात, स्टाफरूममध्ये, विद्यापीठाच्या बैठकीत, सगळीकडे एकच भाषा आणि एकच आवाज, तोही मैदानात असल्यासारखा. मी पेठ वडगावची, घरी तसंच बोलणारी, पण शाळेत शुद्ध बोलण्याचं भूत अंगात शिरलेलं. सुरुवातीला बाहेरचे पाहुणे आले की मला सरांच्या शेजारी बसायला अवघड वाटायचं. ती खोड सरांनीच मोडली. एकदा सगळ्यांसमोर म्हणाले, "बाई, तुम्ही रेडिओवरच्या बातम्यांगत बोलताय. मला मधली खरखर बरी वाटतीय."

त्या वेळी सरांची रेडिओ वेधशाळा नुकतीच उभी राहिली होती. हे नाव ऐकून पाहायला येणाऱ्यांची तोंडं पाहण्यासारखी होत. आजऱ्याच्या पुढे एका सड्यावर, म्हणजे जांभ्या दगडाच्या उघड्या पठारावर, लोखंडी अँगलचा गोल सांगाडा होता आणि त्यावर कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात ती जाळी ताणलेली होती. शेजारी पत्र्याची खोली, आत ट्रॅक्टरची बॅटरी आणि कागदाच्या पट्टीवर रेघ ओढणारं एक यंत्र. एवढंच. गाव तिला परात म्हणे. परात आभाळाकडे तोंड करून जागच्या जागी असे. दुपारी सूर्य तिच्यासमोरून सरकला की पट्टीवरची रेघ हळूहळू चढे आणि उतरे. सूर्याचा रेडिओ आवाज तो हा.

सूर्यावरची खळबळ साधारण अकरा वर्षांत वाढते आणि ओसरते. तो एक फेरा सरांना सुरुवातीपासून शेवटपर्यंत ऐकायचा होता, एकाच जागेवरून. दर रविवारी एक नोंद, बस. मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा म्हटलं, सर, मोठमोठ्या वेधशाळा हे रोज करतात, आणि आपल्यापेक्षा शंभर पटींनी चांगलं करतात. सर म्हणाले, "करू देत की. गावातल्या तालमीत पैलवान हाईत म्हणून आपण जोर मारायचं सोडतोय व्हय?" पुढच्या रविवारी पहाटेच्या एसटीत मीही डबा घेऊन बसले.

पहिल्याच वर्षी आमची चांगली फजिती झाली. रविवारमागून रविवार, ऐन दुपारी, रेघ एकदम कागदाबाहेर उडी मारू लागली. सूर्यावर स्फोट होताहेत अशी सरांची खात्री पटली. त्यांनी साऱ्या स्टाफरूमला मिसळ खाऊ घातली. फक्त हे स्फोट वीज आल्यावरच का होतात, हे कुणाच्या डोक्यात आलं नाही. वीज दुपारी यायची, आणि ती आली रे आली की खालच्या गावात शिवाप्पा वेल्डिंगला बसायचे. ठिणगी पडली की तिचा कडकडाट परातीत. कळल्यावर सर स्वतः हसत हसत खाली गेले आणि शिवाप्पांना म्हणाले, "शिवाप्पा, तुझ्या ठिणगीपायी अख्ख्या कॉलेजला मिसळ घातली की मी."

शिवाप्पा सीमेकडचे, घरात कन्नड आणि धंद्यात मराठी बोलणारे, मोजकं बोलणारे गृहस्थ. त्यांनी विचारलं, "मग सर, मशीन दुपारचं जेवाय बसवू व्हय?" तेव्हापासून रिवाजच पडला. सर आपल्या बायकोच्या, आमच्या काकूंच्या, जुन्या लाल लुगड्याचा तुकडा काठीला बांधून सड्यावर चढवत. तो दिसला की शिवाप्पा मशीन बंद करून भाकरी सोडत, आणि वर येणारी पोरंही इंजिनातली ठिणगी नको म्हणून मोटारसायकली बंद करून वळणापासून ढकलत आणत. वीज आलेली असताना वेल्डरनं हात बांधून बसायचं म्हणजे पोटावर पाय देण्यासारखं. पण शिवाप्पांनी ते कधी बोलून दाखवलं नाही. उलट आम्ही उशिरा पोचलो तर म्हणत, "जेवण थंड झालं की सर, कापड लावा लवकर."

असा फेरा बराच पुढे गेला. रेघ वर्षानुवर्षं चढत गेली आणि मग उतरू लागली. आणखी दोन वर्षं, की संपलं. सर निवृत्त झाले तरी रविवारची एसटी चुकली नाही.

त्या पावसाळ्यात शिवाप्पांची लेक महादेवी पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. गावातला फोन पावसानं बंद पडला होता. कळा सुरू झाल्या, अडचण झाली, गाडी सांगायला माणूस आजऱ्याला गेला आणि गाडी यायला उशीर झाला. महादेवी वाचली. बाळ गेलं.

रविवारी आम्ही भेटायला गेलो. सर शिवाप्पांच्या शेजारी जाऊन बसले. कुणीतरी म्हणालं, मोबाइलचा टॉवर असता तर ही वेळ आली नसती. तेव्हा शिवाप्पांच्या पत्नी पार्वताक्का भिंतीकडे बघत म्हणाल्या, "टॉवरवाले दोनदा आलते. ह्यांनीच पंचायतीत सांगून माघारी धाडलं."

सरांनी विचारलं, "का रं?"

शिवाप्पा खाली बघत म्हणाले, "टॉवर आला की त्याच्या गोंगाटानं परात भैरी हुतीय म्हणलासा न्हवं एकदा. तुमचा फेरा पुरा व्हायला दोन वर्सं राहिल्यात."

सर उठून उभे राहिले. "मला इचारलंतास? फेरा सूर्याचा हाय, त्यो परत येतोय. तुझं नातवंड येतंय व्हय रं?" दुःखाच्या घरात ते असे ओरडले की दारातली माणसं मागे सरली. सर मोठ्यानं बोलत हे सगळ्यांनाच ठाऊक होतं, पण त्यांना चिडलेलं मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. मग ते मटकन खाली बसले आणि रडू लागले. शिवाप्पांनी पाण्याचा तांब्या त्यांच्यापुढे सरकवला.

तिथूनच सर पंचायतीत गेले आणि टॉवरवाल्यांना बोलवा म्हणून सांगितलं. जागा परातीची द्या, म्हणाले. रस्ता आहे, वीजही जवळ आहे. मी वाटेत हुज्जत घातली. दुसऱ्या टोकाला उभारू दे, आपण काहीतरी करू, दोनच वर्षांचा प्रश्न आहे. सर म्हणाले, "बाई, सड्यावर कुठंबी उभारला तरी परात भैरीच. मग निदान चांगल्या जाग्याला उभारू दे." मला त्या दिवशी त्यांचा राग आला होता. इतकी वर्षं एसटीत हाडं खिळखिळी करून घेतली ती काय यासाठी?

परात उतरवायला शिवाप्पाच आले, कटर घेऊन. सरांनी सवयीनं सकाळीच लाल कापड चढवलं होतं. शिवाप्पा सांगाड्याजवळ नुसते उभे राहिले. सर म्हणाले, "काप की."

"कापड खाली घ्या सर. ते वर असताना मी ठिणगी पाडत न्हाय."

सरांनी काठी उतरवली, कापडाची घडी करून खिशात ठेवली आणि खोलीमागे जाऊन उभे राहिले.

टॉवर झाल्यावर शिवाप्पांनी मोबाइल घेतला आणि पहिला फोन सरांना लावला. मी तेव्हा सरांच्या घरीच होते. सरांनी ख्यालीखुशाली विचारली आणि रिसीव्हर रेडिओच्या खरखरीसमोर धरला. "ऐक. पावणं अजून येत्यात." पुढे दर रविवारी दुपारी शिवाप्पांचा फोन येई आणि पाच मिनिटं दोघं खरखर ऐकत. काकू म्हणत, बिल कुणाचं येतंय ते तरी बघा.

सर गेले तेव्हा सूर्याचा फेरा संपत आला होता. शिवाप्पांना कळवायचं काम माझ्याकडे आलं. भर दुपार होती. फोन उचलला गेला तेव्हा मागे वेल्डिंगचा कडकडाट चालला होता. त्यांचा मुलगा कामाला बसला असणार. मला मोठ्यानं सांगवेना. मी एवढंच म्हटलं, "शिवाप्पा, सरांच्या घरून बोलतेय."

त्यांचा आवाज आला, फोनपासून लांब, मुलासाठी: "बंद कर रं ते."

कडकडाट थांबला. सड्याखालचं ते गाव, आमच्या कित्येक रविवारी असायचं तसं, गप्प झालं.

"केलं बंद," शिवाप्पा म्हणाले. "आता बोला मॅडम."