धारवाडची शाळा आणि मी गप्प बसले ती पाच मिनिटं

माझ्या मुलाची, अमितची, बदली धारवाडला झाली हे कळलं त्या संध्याकाळीच मी वही उघडली. घर, शाळा, दवाखाना, दूध, गॅस, असे रकाने पाडले. बत्तीस वर्षं कोल्हापुरात मुलींच्या शाळेत मराठी शिकवलं आहे, त्यामुळे रकाने पाडल्याशिवाय मला काही सुचत नाही. लहान मुलं घेऊन दुसऱ्या राज्यात राहायला जायचं तर सगळं फोनवर ठरवू नये. आधी दोन दिवस काढून, मुलांना सोबत घेऊन, जाऊन यावं. तुमच्यापैकी कुणी याच वाटेवर असेल तर हा सल्ला घ्या. बाकीचं पुढे वाचून ठरवा.

फेब्रुवारीतल्या एका गुरुवारी सकाळी साडेसहाला राजारामपुरीतून निघालो. गाडी अमित चालवत होता. शेजारी मी. मागे माझी सून गीता, चौथीतली नात रेवा आणि साडेपाच वर्षांचा ओम. धारवाड कोल्हापूरपासून दोनशे किलोमीटरच्या आत आहे. रस्ता चांगला म्हणतात, पण कागलपर्यंत रुंदीकरणाचं काम चालू आहे आणि साखर हंगामात उसाच्या ट्रॉल्या मागचा दिवा न लावता मधूनच चालतात. चार तास धरून चाला. टोलनाके तीन-चार लागतात. फास्टॅगमध्ये पैसे आहेत का ते आदल्या दिवशी बघा. आम्ही कोगनोळीला बघितलं आणि मागच्या ट्रकवाल्याच्या शिव्या खाल्ल्या.

दूधगंगा ओलांडली की कर्नाटक. पुलापलीकडे लगेच काही बदलत नाही, तोच ऊस आणि तीच गुऱ्हाळं. दुकानांच्या पाट्या तेवढ्या बदलतात. रेवा त्या पाट्यांची गोल गोल अक्षरं बघत राहिली. एरवी कोल्हापूर ते सातारा ती प्रत्येक पाटी मोठ्यानं वाचून आमचं डोकं खाते. इथे गप्प होती. ती झोपाळली आहे असं मला वाटलं.

निपाणी आली. निपाणी गीताचं माहेर, घर महामार्गापासून पाच मिनिटांवर. पाच मिनिटं थांबायचं का, असं तिनं विचारलं. अकरा वाजता शाळेत पोचायचं आहे, येताना बघू, असं मी म्हणाले. ती ‘बरं’ म्हणाली. येताना आपण उशीर झाला म्हणणार, हे मला तेव्हाच माहीत होतं.

तवंदी घाट उतरून संकेश्वरच्या अलीकडे नाश्त्याला थांबलो. बाहेरून साधं हॉटेल, पण इडली मऊ आणि सांबार गरम होतं. पाच जणांचं तीनशेच्या आत झालं. पोऱ्या नाही, मालकच ऑर्डर घ्यायला आला. गीता त्याच्याशी कानडीत बोलली. दोन वाक्यांत तो हसला, तिनंही काहीतरी टोला दिला, आणि चटणीची वाटी न मागता आणखी आली. तिचा आवाजसुद्धा वेगळा लागला, मोठा आणि मोकळा. ओम माझ्या कानाशी येऊन म्हणाला, “आजी, आई गॅलरीतलं बोलली.”

गीता तिच्या आईशी फोनवर बोलते ती गॅलरीत जाऊन, दार ओढून घेऊन. त्यामुळे कानडी ही गॅलरीत बोलायची भाषा, असं मुलांच्या डोक्यात बसलं होतं. मला गंमत वाटली. मी ते अमितला सांगितलंसुद्धा. तो हसला नाही. गीताच्या ताटातली इडली तशीच राहिली, तीही मी टाकू नकोस म्हणून संपवायला लावली.

धारवाड सुंदर आहे. चढउताराचे रस्ते, मोठी झाडं, लाल माती, कौलारू शाळा-कॉलेजं. गावात शिकण्याचा वास आहे, मला लगेच पटलं. साडेदहाला पोचलो. हात-तोंड धुऊन शाळेत गेलो.

शाळेचं नाव लिहीत नाही. मुख्याध्यापिका माझ्याच वयाच्या, खादीची साडी, समोर एकही कागद वाकडा नाही. मला बाई आवडल्या. त्यांना मराठी येत होती, कानडी हेल काढून पण बिनचूक. मी माझ्या वहीतले प्रश्न विचारले. वर्गात किती मुलं, गृहपाठ कोण तपासतं, मारता का. त्यांनी सगळ्याची सरळ उत्तरं दिली आणि मग म्हणाल्या, आता मी मुलांना विचारते.

रेवाला त्यांनी गणितं घातली, इंग्रजी वाचायला दिलं. तिनं सगळं फडाफडा केलं. मग त्यांनी अर्ज बघितला. मातृभाषेच्या रकान्यात गीतानं वडिलांची मराठी आणि आईची कन्नड असं लिहिलं होतं. बाई खुशीनं पुढे झुकल्या आणि रेवाला विचारलं, “निन्न हेसरेनु?”

तुझं नाव काय, एवढंच. इतकं मलाही कळलं. रेवाला कळलं नाही. तिनं आईकडे पाहिलं. बाईंनी अजून एक-दोन सोपे प्रश्न विचारले. आपल्याला उत्तर येत नाही ही गोष्ट रेवाला सवयीची नाही. तिचे कान लाल झाले.

बाईंनी पेन खाली ठेवलं. इथे कन्नड शिकावीच लागते, पाचवीत मुलं धडे वाचतात, असं त्या म्हणाल्या. बाहेरून आलेल्या मुलांचं आम्ही समजू शकतो. पण आईची भाषा कन्नड असून मुलीला स्वतःचं नाव सांगता येत नाही, हे कसं? या वर्षी तिला पुन्हा चौथीत बसवावं असं माझं मत आहे.

रेवा दर वर्षी पहिली येते. ‘पुन्हा चौथीत’ हे तिनं ऐकलं आणि खुर्चीचा हात घट्ट धरला.

बाई गीताकडे बघत होत्या. गीता म्हणाली, “मीच शिकवलं नाही, मॅडम. राहून गेलं.”

त्यावर बाईंनी तिला चांगलं सुनावलं. शिकलेल्या आया असं करतात तेव्हा आम्हाला वाईट वाटतं. फुकट मिळणारी गोष्ट तुम्ही मुलांना दिली नाही. घरात एवढा आळस बरा नव्हे. गीता खाली मान घालून ऐकत होती. अमित खिडकीबाहेर बघत होता. मी त्या दोघींच्या मधल्या खुर्चीवर बसून होते, वही मांडीवर, आणि गप्प होते.

काय घडलं होतं ते आता सांगते.

रेवा दीड वर्षाची असताना माझ्या शाळेतल्या मैत्रिणी घरी आल्या होत्या. ती रांगत-चालत आली आणि माझ्याकडे हात करून ‘नीरु, नीरु’ म्हणाली. पाणी हवं होतं तिला. एक मैत्रीण म्हणाली, काय हो, मराठीच्या बाईंच्या घरात कानडी? सगळ्या हसल्या, मीही हसले. त्या गेल्यावर मी गीताला बोलावून सांगितलं की मुलीच्या डोक्यात दोन भाषांची खिचडी नको, घरात एकच भाषा बोलायची. हे मी शास्त्र म्हणून सांगितलं. शास्त्र वगैरे काही नव्हतं, मला मैत्रिणींसमोर ओशाळं वाटलं होतं. गीता ‘बरं’ म्हणाली. पुढे ओम झाला तेव्हा सांगायचीही गरज पडली नाही. सुट्टीत मुलांना निपाणीला राहू द्यायची वेळ आली की मी शिबिरं काढायची, पोहणं काढायची. दोन रात्रींच्या वर मुलं तिथे कधी राहिली नाहीत.

बत्तीस वर्षांत किती मुलींना मी उभं करून विचारलं असेल, की चूक कुणाची, सांगा. जी उठून सांगायची तिला मी कधी शिक्षा केली नाही. त्या खोलीत उठायची माझी वेळ होती, आणि मी पेनाचं टोपण लावत होते.

दुपारी घरं बघितली. दोन खोल्यांचं एक बरं होतं, अंगणात आंबा, मालकीण खाली राहणारी. एका खानावळीत जेवलो. ज्वारीची कडक भाकरी, भरली वांगी, मोडाची उसळ, दही, शेंगदाण्याची चटणी. माणशी दीडशेच्या आत पोट भरतं, धारवाडला गेलात तर चुकवू नका. पेढाही घेतला. कोल्हापूरच्या पेढ्यासारखा नाही, भाजलेला, तपकिरी. रेवानं कशालाच हात लावला नाही. मी तिला सांगितलं, काळजी करू नकोस, आजी बघेल. ती म्हणाली, “आई बघेल. आजीला येत नाही.” उद्धटपणा नव्हता त्यात. तिनं वस्तुस्थिती सांगितली होती.

शुक्रवारी सकाळी देवळात जाऊन येते असं सांगून मी लॉजवरून एकटी रिक्षानं शाळेत गेले. प्रार्थना संपली होती. मुख्याध्यापिका मैदानातच भेटल्या. मी उभ्या उभ्याच सांगितलं, की काल माझ्या सुनेनं तुम्हाला खरं सांगितलं नाही, घरात कन्नड मी बंद केली होती, तेव्हा दोष माझा आहे.

त्यांनी मला पूर्ण बोलू दिलं. मग विचारलं, “तुम्ही शिक्षिका होता ना?”

हो म्हणाले. तेवढा प्रश्न मला पुरला. मग त्या म्हणाल्या की जूनमध्ये शाळा उघडायच्या आधी रेवाला पुन्हा आणा. मुळाक्षरं, साधं वाचन आणि चार वाक्यं बोलणं आलं तर पाचवीत घेईन. फाटकाशी आल्यावर त्यांनी आणखी एक विचारलं, हे मला सांगितलंत, सुनेला सांगितलंत का?

सांगितलं नव्हतं. खरं तर बाईंना सांगून मोकळं व्हायचं आणि घरी कळू द्यायचं नाही, असाच माझा बेत होता. देवळाचं निमित्त त्यासाठीच होतं.

लॉजवर आले तेव्हा अमित मुलांना घेऊन खाली गेला होता आणि गीता बॅगा भरत होती. मी दार लावून घेतलं आणि सांगितलं. शाळेत जाऊन काय बोलले, जूनपर्यंत मुदत मिळाली, काल मी गप्प बसायला नको होतं, आणि त्याच्या आधी आठ वर्षं जे केलं तेही नको होतं. ती ओमच्या चड्ड्यांच्या घड्या घालत राहिली. माफी मागायची मला सवय नाही, त्यामुळे वाक्यं तुटक आली. ती म्हणेल, जाऊ द्या आई. मी त्याची वाट बघत होते, हेही कबूल करते.

ती म्हणाली, “मी काल खोटं बोलले नव्हते, आई. तुम्ही बंद केलं, पण मी ऐकलं. तुम्ही दिवसभर शाळेत असायचा. चोरून तरी शिकवायला हवं होतं मी.”

मग तिनं बॅगेची चेन ओढली. बास, एवढंच.

येताना निपाणीला गाडी मी वळवायला सांगितली. विहीणबाई दारातच होत्या. डोक्यावर पदर, हातात सूप. आम्हाला बघून म्हणाल्या, “या की विहीणबाई. वाट चुकलासा व्हय?”

चहा झाल्यावर मी विषय काढला. एप्रिल-मे दोन्ही महिने मुलं तुमच्याकडे ठेवाल का, रेवाला जूनपर्यंत बोलायला यायला हवं. त्यांनी लगेच हो म्हटलं नाही. सूप बाजूला ठेवलं आणि म्हणाल्या, “ठेवतो की. पोरं माझीच हायत. पर एक सांगू? हिकडं आली की मी त्यांच्याशी मराठी बोलतो, मोडकंतोडकं. तर ती हसत्यात. तुम्हीबी हसलासा हुता एकदा, ओमच्या बारशाला.”

मला आठवत नव्हतं. त्या खोटं सांगणाऱ्यातल्या नव्हेत. मी चुकलं म्हणाले. त्यांनी हात झटकून टाकला, माशी हाकलावी तसा, आणि आतल्या दिशेला बोट करून रेवाला कानडीत काहीतरी सांगितलं. रेवा जागची हलली नाही. त्यांनी शांतपणे तिचा हात धरला आणि तेच पुन्हा सांगत तिला माठाकडे घेऊन गेल्या.

दुपारी चारला कोल्हापूर. एकूण खर्च पेट्रोल, टोल, लॉज, जेवण धरून सात हजारांच्या आसपास. घर पक्कं झालं, दवाखाना जवळ आहे, दूध सकाळी सहाला येतं. वहीतले बहुतेक रकाने भरले.

हे लिहिते आहे तेव्हा मार्च संपत आला आहे. चार दिवसांत मुलं निपाणीला जातील. तोवर घरात कन्नड बोलत जा, असं मी गीताला आल्या दिवशीच सांगितलं. तिनं प्रयत्न केला. पण तिचं तिलाच अवघडल्यासारखं होतं. आठ वर्षं मुलांशी एका भाषेत लाड केले, रागावली, ताप आला तेव्हा जागली. आता दुसऱ्या भाषेत ‘जेवलीस का’ म्हणताना ती नाटकात काम केल्यासारखं म्हणते. मुलं हसतात, तीही हसते. माझी परवानगी मिळाली म्हणजे सगळं आपोआप सुरळीत होईल, असं मला वाटलं होतं. परवानगी द्यायची असते हेच मुळात मी कुठून काढलं, कोण जाणे.

एक गोष्ट माझ्या लक्षात आली. संध्याकाळी स्वयंपाक करताना तिची लय लागते. रेवा ओट्यावर बसून विचारते, हिला काय म्हणतात, त्याला काय म्हणतात, आणि ओम मोठ्यानं ओरडून म्हणतो. मी पाणी प्यायला आत गेले की तिघंही थांबतात. थांबू नका म्हणून दोनदा सांगून बघितलं. मी सांगितलं की आणखीच थांबतात.

म्हणून हल्ली सहा वाजले की मी चप्पल घालते. डॉक्टरांनी तासभर चालायला सांगितलंय, असं घरात सांगितलं आहे. डॉक्टरांनी असं काही सांगितलेलं नाही. बागेला चार फेऱ्या मारते, बाकावर बसते, घड्याळ बघते. परत येते तेव्हा जिन्यापर्यंत त्यांचे आवाज येतात, कळत काहीच नाही. बेल न वाजवता मी पायरीवर बसून राहते, जेवायची वेळ होईपर्यंत.