विहीणबाईंचा फोन

माझ्या कवळीतला पुढचा एक दात किंचित तिरका आहे. तो मुद्दाम तसा बसवलेला आहे. "सगळे सरळ लावले तर ते तुमचे वाटणार नाहीत, बाई," असं ती करणाऱ्या गृहस्थांनी मला सांगितलं होतं. ते माझ्या समोरच्याच दारात राहतात. दिवसभर दातांच्या एका दवाखान्याच्या मागच्या खोलीत मेण, प्लास्टर आणि गुलाबी हिरड्या यांच्यात मान खाली घालून बसलेले असतात. इमारतीतली मुलं त्यांना दातकाका म्हणतात. लग्न केलं नाही. आई होती तोवर त्यांच्या स्वयंपाकघराच्या खिडकीत दोन कप पालथे घातलेले दिसायचे. आई गेल्यावर एकच.

आणि त्यांच्याकडे कोळी आहेत. भिंतीवरचे नव्हेत, तळहाताएवढे केसाळ टॅरंट्युला. प्रत्येकाची वेगळी काचपेटी, तीत माती, झाडाची साल आणि पाण्याची बशी. इमारतीतल्या बायका म्हणायच्या, "त्या घरात कोण मुलगी देणार होतं!" मी एकदा विचारलं होतं, हे ओळखतात का तुम्हाला?

"छे. मी आहे की नाही, यांना पत्तासुद्धा नसतो."

"मग पाळता कशाला?"

"रात्री घरात कुणीतरी जागं असतं," ते म्हणाले.

त्यांतल्या सगळ्यात जुन्या मादीला ते थोरली म्हणत. तिला पिल्लं व्हावीत असं त्यांच्या मनात आलं, पण नर नव्हता. या छंदातल्या लोकांची एक रीत आहे. ज्याच्याकडे वयात आलेला नर असतो, तो मादीवाल्याकडे पाठवतो आणि पिल्लं झाली की निम्मी घेतो. दातकाकांना नर मिळाला तो दुसऱ्या गावच्या एका बाईंकडून. त्या चष्म्याच्या दुकानात काचा घासायच्या आणि त्याही एकट्याच होत्या. भोकं पाडलेल्या डब्यात ओल्या कागदावर बसून नर आला, आणि त्याच संध्याकाळी त्यांचा फोन आला.

"तुमचा जावई पोचला का?"

दातकाका थट्टेत कच्चे. जरा अडखळले, मग म्हणाले, "पोचला. प्रवासानं दमलाय."

"मानपान नीट करा हो. आजपासून आपण व्याही!"

हे मला त्यांनी दुसऱ्या दिवशी जिन्यात थांबून सांगितलं. जिन्यात ते कधी थांबत नसत.

गाठ घालायच्या दिवशी त्यांना दोन हात कमी पडत होते, म्हणून मला बोलावलं. मी बॅटरी धरली होती. त्यांच्या एका हातात लांब दांड्याचा कुंचला आणि दुसऱ्यात पुठ्ठ्याचा तुकडा. मादी नराला खायला धावली तर तो दोघांच्या मध्ये सारायचा. फोन टेबलावर चालू होता.

"जावई काय करतोय?" फोनमधून आवाज.

"बिळाच्या तोंडाशी उभा आहे. पाय आपटतोय."

"आणि ती?"

आम्ही श्वास रोखून ऐकलं. बिळातून अगदी हलकी टकटक आली, टेबलावर नख वाजवावं तशी.

"उत्तर दिलं!" दातकाका म्हणाले. "विहीणबाई, उत्तर दिलं!"

मग ती बाहेर आली. मी एक पाऊल मागे सरकले, तसे ते मला म्हणाले, "बाई, उजेड त्यांच्यावर, छतावर नको." नराने पुढच्या पायांच्या आकड्यांनी तिचे दात अडकवून धरले, तिला वर रेटलं, क्षणभर खाली वाकला आणि असा काही मागे पळाला की पुठ्ठा सारायचीही गरज पडली नाही.

"शाबास!" विहीणबाई म्हणाल्या. "आमच्या घराण्यात सगळे पळण्यात पटाईत."

त्यानंतर फोन रोजचाच झाला. दिवे लागले की त्यांच्याकडे फोनची घंटी वाजे. आधी थोरलीची चौकशी, मग यांची पाठदुखी, मग त्यांच्या दुकानात येणारी म्हातारी, जिला कुठलाच चष्मा पटत नाही. "आपल्या दोघांचा संसार म्हाताऱ्यांवरच चालतो, व्याही," असं त्या म्हणाल्या म्हणे. आमच्या दोन घरांमधली भिंत पातळ आहे. तिच्यातून मला हसणं असं पहिल्यांदाच ऐकू येत होतं. वयात आलेला नर फार जगत नाही. तो थोड्याच आठवड्यांत गेला, त्या दिवशी फोन बराच लांबला.

जमलं की नाही, हे कळतं कसं, असं मी विचारलं.

"लगेच कळत नाही. ती भरपूर खाते, पोट फुगतं, मग जाळं विणून बिळाचं तोंड बंद करते आणि आत अंड्यांची पिशवी बांधते."

"आणि नसेल जमलं तर?"

"तरी खाते, पोट फुगतं आणि तोंड बंद करते. पण आत कात टाकते. नराने दिलेलं सगळं तिने पोटातल्या एका इवल्या कप्प्यात जपून ठेवलेलं असतं, बाई. कातीबरोबर त्या कप्प्याचं अस्तरही निघून येतं. मग ती पुन्हा कोरी."

पिशवी झाली, तर पिल्लं न्यायला विहीणबाई स्वतः येणार होत्या. तसं ठरलंच होतं. थोरलीने बिळाचं तोंड बंद केलं त्या आठवड्यात मी पाहिलं, समोरच्या खिडकीत दुसरा कप पालथा घातलेला होता. आईचाच. कान तुटलेला होता, तो त्यांनी हिरड्यांच्या गुलाबी लुकणाने जोडला होता.

एका संध्याकाळी त्यांनी माझं दार वाजवलं. ते लगेच मागे वळले, तशी मी त्यांच्यामागून गेले. थोरलीच्या बिळाचं तोंड उघडं होतं आणि बाहेर चुरगळलेली, तपकिरी, ओली कात पडली होती. आत ती बसली होती, मखमलीसारखी नवी. दात पांढरे, अजून मऊ.

"किती छान दिसतेय," मी म्हणाले.

"हो," ते म्हणाले. "तब्येत उत्तम आहे."

तेवढ्यात फोन वाजला.

"काय म्हणतेय आमची सून? दार बंदच ना?"

दातकाकांनी उघड्या बिळाकडे पाहिलं. "बंदच आहे," ते म्हणाले.

मी माझ्या घरी आले. पुढे रोज भिंतीपलीकडून तेच ऐकू येई. बंदच आहे. हो, अजून बंदच. आणि त्यानंतर बराच वेळ गप्पा. पण हसणं कमी झालं होतं, एका बाजूने तरी.

त्यांना खोटं बोलायची सवय नव्हती, म्हणून ते फार दिवस टिकलं नाही. थोरलीचे दात काळे, टणक झाले आणि तिने पहिल्यांदा भक्ष्य धरलं, त्या दिवशी आनंदाच्या भरात ते बोलून गेले, "आज झुरळ असं फटकन ओढलं तिनं!"

पलीकडून लगेच प्रश्न, "दार बंद असताना?"

यांनी पेटीचं झाकण लावलं.

"कात कधी टाकली, व्याही?"

त्यांनी सांगितलं.

"म्हणजे तेव्हापासून रोज मला..."

"हो."

"ठेवते मी."

हे त्यांनी मला माझ्या दारात उभं राहून, पाढे म्हणावेत तसं एका सुरात सांगितलं. त्यानंतर फोन आला नाही. दिवे लागत, भिंत गप्प असे. मी म्हटलं, तुम्हीच करा की.

"काय म्हणून करू, बाई? पिल्लं नाहीत तर आमचं नातं तरी काय?"

"नुसतं कसे आहात, म्हणून विचारा."

पोराने भलतंच उत्तर द्यावं आणि मास्तरांनी त्याच्याकडे पाहावं, तसं त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

कात मात्र त्यांनी फेकली नव्हती. ती भिजवून, एकेक पाय सरळ करून, प्लास्टरच्या पातळ पाटीवर त्यांनी जिवंत वाटावी अशी मांडली. पेटीत कापूस भरला आणि ती विहीणबाईंना पाठवून दिली. सोबत चिठ्ठी नव्हती.

काही दिवसांनी संध्याकाळी त्यांच्याकडे घंटी वाजली. फोन लगेच संपला. मग माझं दार वाजलं.

"पोचली म्हणाल्या. एक पाय प्रवासात निखळलाय."

"मग?"

"मी म्हटलं, परत पाठवा, बसवून देतो. तर म्हणाल्या, नको, राहू दे तसाच. आणि ठेवते, व्याही, म्हणाल्या."

"व्याही म्हणाल्या?"

"व्याही म्हणाल्या."

"आणि पुन्हा फोन कधी करणार?"

"ते मी विचारलं नाही," दातकाका म्हणाले, आणि फोन जवळ हवा म्हणून असेल, लगेच घरात गेले.

खिडकीत कप अजून दोन आहेत. एकच वापरात असतो. दुसराही ते रोज विसळून ठेवतात.