सासूच्या पलंगाले लांबी भरली

आमच्या घरातला सागवानी पलंग म्या एका दुपारी दुरुस्त केला आन् त्याच दुपारी, माह्याच हातानं, परत नादुरुस्त केला.

सांगते. पन मले नीट सुरुवातीपासून सांगता येत नाई, दहावीत गनितात राहिली तवापासून माहं सगळं मधूनच सुरू होते, म्हनून जरा सांभाळून घ्या.

त माही परी तवा अकरा महिन्यांची होती. धरून धरून उभी राहाले लागली होती. खालचे दोन दात आले होते, वरचे दोन येऊन राहिले होते, हिरड्या नुसत्या शिवशिवत होत्या तिच्या, म्हनून जे सापडन थे तोंडात. लाटनं, टीव्हीचा रिमोट, बापाची चप्पल. आन् मी भित्री. किती भित्री, हे सगळ्या अमरावतीले माहीत नसन पन आमच्या गल्लीले माहीत हाये. परी शिंकली की मी दवाखान्याची फाईल काढते. येकडाव तिनं लागोपाठ तीन जांभया देल्या म्हनून मी तिले घेऊन पळाली, त डाक्टर म्हनाले, बाई, पुढच्या खेपेले लेकराले उन्हात आनू नका, तपासाचं तुमालेच हाये, तुमी एकट्याच या.

पलंग समोरच्या खोलीत होता. सासूचा. सासऱ्यायनं लग्नानंतर हौसेनं करून घेतला होता (सासरे मी या घरात याच्या आधीच गेले). त्या पलंगाच्या बाजूच्या फळीले, बरोबर परीचं तोंड पुरन तेवढ्या उंचीवर, काठाले चार खड्डे होते. दोन वरून, दोन बाहेरून. मले वाटलं उंदरानं कुरतडलं. आन् परी उभी राहिली की त्याच काठाले तोंड लावे! माह्या डोळ्यापुढं लगेच फास दिसे. लाकडाची फास, कुसळासारखी, परीच्या हिरडीत, मंग पू, मंग नागपूरचा मोठा दवाखाना. मी इथं उभ्या उभ्या नागपूरले जाऊन येत होती, दिवसातून चारदा.

सासूले म्हनावं त हिंमत नाई. आई (मी सासूले आईच म्हनते) मले त्या पलंगाले फडकं पन लावू देत नव्हत्या. स्वतः पुसत, खोबऱ्याचं तेल बोटावर घेऊन, आन् त्या कोपऱ्यात तर लय वेळ पुसत बसत. मले वाटे, माह्यावर भरोसा नाई त्यायचा. बरोबरच होतं म्हना. त्यायचं पांढरं लुगडं म्या यायच्या जीनसोबत भिजवलं होतं, त थे अजून निळं हाये. (हे म्हनजे माहे नवरे, संदीप. नाव घेतलं की आई हसतात, म्हनून सहसा घेत नाई.)

तेवढ्यात शेजारच्या रेखावहिनीकडं सुताराचं काम सुरू झालं. मिस्त्रीकाका म्हातारे, कानावर पेन्सिल, बोलाचं कमी. मी परीले कडेवर घेऊन पाहात उभी राहो. त्यायनं लाकडाचा बारीक भुसा घेतला, पांढऱ्या गोंदात कालवला, कनकीसारखा मळला, आन् खिळ्याच्या भोकात अंगठ्यानं दाबून भरला. वाळल्यावर पालिशपेपरनं घासलं त भोक गायब! जसं कधी नव्हतंच. त्याले थे लोकं लांबी म्हनतात. मी इचारलं, मले देता का लिंबायेवढी. काका म्हनाले, काहाले. म्हनलं, उंदराचं काम हाये. त्यायनं पेपरच्या तुकड्यावर गोळा देला आन् समजावून सांगतलं, जरा वर येईन असा भरजो, वाळल्यावर बसते, आन् घासशीन त लाकडाच्या रेषेरेषेनं घासजो, आडवं नाई.

दुसऱ्या दिवशी आई पहिल्या गाडीनं अकोटले गेल्या, भनीच्या घरी. पाचले इथं पोचनाऱ्या गाडीनं परत येनार होत्या. मले वाटलं, आल्या की पलंग पाहून म्हनतीन, सून हुशार हाये बाप्पा. माह्या आयुष्यात असं कोनं म्हनलं नव्हतं, शाळेत बी नाई.

परीले झोपवलं आन् भरली लांबी. चारी खड्डे, वर येईन अशी. मे महिन्यातलं अमरावतीचं ऊन तुमाले माहीतच हाये, पापड एका पाठीवर असतो तवाच दुसऱ्या पाठीवर वाळते. दोन तासात लांबी कडक. रेषेरेषेनं घासलं, तेलाचं बोट फिरवलं. आन् काय सांगू, माहं मलेच सापडेना! तीनदा हात फिरवला. इतकं चांगलं काम म्या कधी केलंच नव्हतं. फोटो काढला आन् यायले पाठवला. हे कृषी केंद्रात कामाले हायेत, दुपारी जेवताना मोबाईल पाहातात. माह्या फोटोले यायचा नेहमी एक अंगठा येते, बस. त्या दिवशी फोन आला.

"पूजा, थे चार खड्डे कुठं गेले?"

"भरले म्या."

मागं कोनीतरी सोयाबीनच्या बियान्याचं इचारून राहिलं होतं, त्याले यायनं उत्तर देलं नाई.

मंग हळू आवाजात सांगतलं. यायच्या आधी एक पोरगी होती आईले. नंदा. तिले दात येत होते तवा थे त्याच काठाले धरून उभी राहे आन् चावत बसे. सव्वा वर्षाची झाली आन् तापात गेली. फोटो काढाचा राहून गेला. तिचं दुपटं, तिचं झबलं, काहीच नाई उरलं. हे म्हनाले, "आईपाशी तिचं तेवढंच हाये. चार दात."

मी म्हनलं, मंग मले कावून सांगतलं नाई कोनं? त हे म्हनाले, आईनंच सांगू देलं नाई. आमच्या यायच्या घरात रीत हाये, दिवस असलेल्या आन् अंगावर पाजनाऱ्या बाईपुढं गेलेल्या लेकराचं नाव काढत नाईत. तिचं मन भेते, दूध आटते म्हनतात. माही मुळातच सशाची छाती, म्हनून आईनं सगळ्यायले बजावून ठेवलं होतं, पूजापुढं नंदाचं नाव नाई. म्हनजे पाहा, मले भेव वाटू नये म्हनून सगळं घर दोन वर्षं तोंड दाबून बसलं, आन् म्या त्या घरातल्या एकुलत्या एक नंदाले लांबी भरून, घासून, तेल लावून टाकलं.

यायले इचारलं, किती खोल होते, कसे होते. हे म्हनाले, मी कधी मोजले नाई, आई बोटानं मोजते.

दीड वाजला होता. मी परीले उचललं, झोपेतलीच, आन् अनवानी रेखावहिनीकडं. मिस्त्रीकाका डबा उघडून बसले होते. म्हनलं, काका, लांबी काढून द्या. काका माह्याकडं पाहातच राहिले. म्हनाले, तीस वर्षं झाले, लोकं भरून मांगतात, काढून मांगनारी तूच पहिली. मी रडत रडत सगळं सांगतलं, नाकातोंडातून, त्यायले किती समजलं देव जाने. पन त्यायनं डबा बंद केला. म्हनाले, "पोरी, माह्या हातून काढली त लोखंडाची पटाशी चालन, आन् मंग थे दात पटाशीचे होतीन. तुले हळूच काढा लागन."

सांगतलं असं, गरम पान्यात फडकं बुडवून पिळून त्याच्यावर ठेव, गोंद नरम पडते, मंग काडीनं टोकर. लोखंड लावू नको. घाई करू नको.

घाई करू नको! सांगा बरं. पाचची गाडी.

मी भाकरीचं फडकं गरम पान्यात बुडवलं आन् पलंगाले शेकाले बसली. बाहेर पंचेचाळीसचं ऊन, आत मी पलंगाले शेकून राहिली. परी उठली, तिले वाटलं खेळ हाये, फडकं ओढे. तिले मांडीवर घेतलं, एका बाजूनं पाजलं, दुसऱ्या हातानं टोकरलं. दात कोराच्या काड्या सगळ्या तुटल्या. कडुनिंबाच्या काड्या आनल्या, त्या तुटल्या. भुसा येई, मुंगीयेवढा येई, मंग परत शेका. पहिला खड्डा मोकळा झाला तवा म्या बोट घातलं. गुळगुळीत होतं आतून. बारीकसं, तिरपं. परीच्या खालच्या दातासारखंच हुबेहूब, जरा डावीकडं कललेलं. मी परीचं तोंड उघडून पाह्यलं. मंग मले काड्याच दिसेना, डोळेच भरून आले. आतापर्यंत मी सासूच्या भेवानं काढत होती. त्याच्यानंतर भेवानं नाई काढलं.

साडेतीनपर्यंत तीन झाले. चौथा काही केल्या येईना. वरचा टवका निघाला, पन मधात एक खडा बसून राहिला, घट्ट, अर्धा बाहेर, अर्धा आत. शेकलं, टोकरलं, फुकलं. त्याले सांगून पाह्यलं, बाबा ये रे, तुह्या पाया पडते. सव्वापाच झाले. गल्लीत ॲटो थांबला आन् आईचा आवाज, "राहू दे, हातानं नेते पिशवी."

आता एका हातात परी, दुसऱ्या हातात फडकं, काडी एकही नाई. तिसरा हात देवानं देला नाई. म्या वाकून थो खडा दातानं धरला.

तीन तास शेकून शेकून लाकूड पुरं भिजलं होतं, आन् मी ओढलं जीव लावून. खडा आला. माहा दात घसरला आन् बाजूले कचकन बसला. त्याच टायमाले दार उघडलं.

आईनं काय पाह्यलं? सून गुडघ्यावर, कडेवर लेकरू, आन् तोंडात पलंग.

आईनं पिशवी खाली ठेवली. "पूजा," म्हनाल्या, "जेवली नाई का वं तू?"

तोंडात भुसा, बोलता येईना. हातावर थुंकली आन् मंग सगळं एका दमात सांगून टाकलं, उंदीर, फास, नागपूर, लांबी, मिस्त्रीकाका, फडकं. आई सरळ पलंगापाशी आल्या. पलंगावर बसल्या आन् हात खाली सोडला. पाहा लागत नाई त्यायले. बोटं आपोआपच तिथं गेले. एक. दोन. तीन. चार. मंग बोट आनखी जरासं पुढं सरकलं आन् थांबलं.

"हा पाचवा कोनाचा?"

"माहा," म्हनलं.

आई उठल्या आन् आत गेल्या. झालं. म्या मनातल्या मनात दर्यापूरची बॅग भरली, माहेरची. परीची लोकरीची टोपी पन भरली, मे महिन्यात. तेवढ्यात आई परत आल्या, चष्मा घेऊन आल्या होत्या. खाली बसल्या, चष्मा लावला आन् काठाले नाक लावून पाह्यलं, सोनार पाहाते तसं.

"म्हनजे तुले समजलं आता," म्हनाल्या.

"हो."

"बरं झालं बाई. माह्याच्यानं आता गप राहानं होत नव्हतं."

आन् बोलाले लागल्या. दोन वर्षांत पहिल्यांदा. नंदा कशी हसे, कशी चावून मंग हसे, जसं काही मोठं काम करून आली. केस कुरळे होते म्हने. थे गेल्यावर हे झाले, त आईनं पलंगाच्या त्या काठाले गोधडीचा तुकडा बांधून ठेवला होता, यायचे दात वर उमटू नये म्हनून. "संदीपले म्या कधी तिथं चावू देलं नाई," म्हनाल्या, "बिचारा चपला चावत मोठा झाला." मले हसू आलं आन् भेव वाटलं, आता हसावं की नाई, पन आईच पहिले हसल्या, डोळे पुसत पुसत.

मंग त्यायनं परीले माह्या कडेवरून घेतलं आन् त्या काठापाशी उभं केलं. "चाव वं माय."

मी म्हनलं, "आई, फास!"

"नंदाले कधी लागली नाई," म्हनाल्या. परीनं तोंड लावलं, भुशाची चव आली असन, वाकडं तोंड केलं आन् खालीच बसली. पन महिन्याभरात तिचे दोन उमटले. मी तिथंच बसून पाह्यलं, आन् नागपूरले एकदाही गेली नाई.

आता कोनी पाहुनं आलं की आई चहाच्या आधी पलंग दाखवतात, बोट ठेवून ठेवून. हे चार माह्या नंदाचे. हे दोन परीचे. आन् हा रुंद दिसून राहिला न, हा सुनबाईचा. तिले दात जरा उशिरा आले, तेविसाव्या वर्षी.

पाहुनं हसते, आई हसतात. मीही हसते, पन पदर तोंडाले लावून. कावून का त्या दिवशी माह्या समोरच्या दाताचा कोपरा उडाला, आन् दाताचे डाक्टर म्हनतात, दहा मिंटाचं काम हाये, मसाला भरून देतो, ओळखूसुद्धा येनार नाई. नाई बाप्पा. मी आता काहीच भरत नाई.