हॉर्न न वाजवणारी निळी गाडी

ब्रेकबाईंच्या उजव्या पायावर कुणाचाच ताबा नव्हता, खुद्द ब्रेकबाईंचाही नाही. उभी हयात त्यांनी लोकांना गाडी शिकवण्यात काढली आणि तीही शेजारच्या सीटवर बसून. शिकवणीच्या गाडीला त्या बाजूलाही एक ब्रेक असतो. तो आहे हे विसरलं, की शिकणाऱ्याला आपण गाडी चालवतोय असं वाटू लागतं. हा जादाचा ब्रेक दाबून दाबून त्या पायाला अशी खोड जडली, की मुलाच्या गाडीत, भाड्याच्या गाडीत, एकदा तर दातांच्या डॉक्टरांच्या खुर्चीतही तो आपोआप दाबला गेला. मुलाच्या गाडीतल्या शेजारच्या मॅटला टाचेएवढं भोक पडलं होतं. ते कसं पडलं, याची घरात चर्चा होत नसे.

गावातल्या निम्म्या लोकांना गाडी त्यांनीच शिकवलेली. सिग्नलला एखादा काच खाली करून विचारी, "बाई, ओळखलंत का?" बाईंना चेहरा आठवत नसे, चूक मात्र आठवे. "उतारावर गाडी न्यूट्रल करणारे ना तुम्ही?" मग काच वर जाई.

त्यांच्या शिकवणीत दोन गोष्टींना सूट नव्हती. गाडी हलवण्याआधी मोठ्यानं म्हणायचं, "आरसा, आरसा, मान." म्हणजे आधी आतला आरसा पाहायचा, मग बाहेरचा, मग आरशावर विश्वास न ठेवता मान वळवायची. आणि परवाना हातात आला, की शेवटच्या दिवशी बाई स्वतः पर्स घेऊन खाली उतरत आणि म्हणत, "जा, एक चक्कर एकट्यानं मारून या." गाडी परत येईपर्यंत त्या फुटपाथवर उभ्या राहत. उजवा पाय फुटपाथ दाबत असे.

शिकवण्यात त्यांना अपयश आलं ते एकदाच, आणि तेही घरात. यजमान ग्रंथालयात होते, उशिरा परत आलेल्या पुस्तकांच्या खिडकीवर. लग्नानंतर बाईंनी त्यांना गाडी शिकवायला घेतली आणि चौथ्या दिवशी दोघांनी मिळून ठरवलं, की त्यापेक्षा संसार करावा. तो नीट झाला.

आता निळ्या गाडीचं. शिकाऊ पाटी लावलेली गाडी सिग्नलला बंद पडली, की मागच्या प्रत्येकाला आपण जन्मतःच गाडी चालवत आलो असं वाटतं आणि तो हॉर्नवर हात ठेवून बसतो. बाईंना त्याचं काही वाटत नसे. वाटायचं ते शेजारच्या पोरीला, जिला पहिला गिअर कुठे आहे तेच आठवेनासं होई. या सगळ्या गोंगाटात एक गाडी कधीच वाजली नाही. लांब, बसकी, गडद निळी, दोनच दारांची. परदेशी आणि नव्यानं घेतली तेव्हा नक्कीच कुणाचीतरी झोप उडवून गेलेली. ती मागे आली, की अंतर राखून उभी राही. आतला माणूस कोण, ते काळ्या काचेमुळे कळत नसे. बाई मनातल्या मनात तिला दुवा देत. वर्षानुवर्षं दिला.

आणि बाई निवृत्त झाल्या त्याच महिन्यात त्या गाडीच्या मागच्या काचेवर 'विकणे आहे' असा कागद लागला.

बाईंचा परवाना नुकताच पाच वर्षांसाठी वाढवून मिळाला होता. पुढे डोळे काय म्हणतील, याची खात्री नव्हती. इतकी वर्षं गाडीत बसून त्यांच्या स्वतःच्या नावावर एकही गाडी झाली नव्हती. संध्याकाळी शेवटच्या विद्यार्थ्यासकट ड्रायव्हिंग स्कूलची गाडी तिथेच लावून त्या बसनं घरी येत. निवृत्तीची रक्कम एका गाडीपुरती होती. ती मधेच बसली असती, तर दुसरी येणार नव्हती. म्हणजे पाच वर्षं टिकेल अशी गाडी हवी होती आणि बाईंचं मन नेमकं सगळ्यात जुनीवर बसलं होतं.

मुलाचा फोन आला. "आई, दोनच दारं? मागे मुलं कशी चढणार? आम्ही कसे बसणार?"

"म्हणूनच," बाई म्हणाल्या.

धाकट्या दिरांचं गॅरेज होतं. त्यांनी कागदावरच्या नंबरला फोन करून गाडी किती चालली ते विचारून घेतलं आणि चहाचा कप खाली ठेवला. "वहिनी, दोन लाख ऐंशी हजार किलोमीटर! एवढ्यात माणूस चंद्रावर पोचतो."

"चंद्र अजून लाखभर पुढे आहे," यजमान पेपरातून मान वर न करता म्हणाले.

"दादा, तू तिची बाजू घेऊ नकोस."

"मी चंद्राची बाजू घेतोय."

भावजींनी आधी एक पांढरी गाडी दाखवायला नेलं. चार दारं, आकडा अगदी कमी, विक्रेता अतिशय गोड. बाईंनी दार उघडलं आणि वाकून ब्रेकचं पेडल पाहिलं. रबर घासून आरशासारखं गुळगुळीत झालेलं, सीटची कडा बसलेली. "एवढीशी चालली आणि पेडलची ही दशा? मालक घरात बसल्या बसल्या ब्रेक दाबत होता का?" यजमानांनी एकवार बाईंच्या पायाकडे पाहिलं. भावजींनी स्वतःच हात झटकले. "नको ही. हिचा आकडा खोटा आहे. निळीचा निदान खरा तरी असेल. एवढा मोठा खोटा कोण लावेल?"

निळ्या गाडीचे मालक भूल देणारे डॉक्टर निघाले. त्यांचं काम असं, की ते चांगलं झालं तर पेशंटला काहीच आठवत नाही. त्यामुळे गावात त्यांना कुणी ओळखत नव्हतं. बंगली लहान, समोर कुंड्या, शेडमध्ये गाडी. डॉक्टर हळू बोलत. गाडी का काढताय, असं भावजींनी विचारलं तर कमरेवर हात ठेवून म्हणाले, "आत बसता येतं अजून. बाहेर यायला मात्र दोन माणसं लागतात."

भावजींनी पहिल्यांदा बॉनेटवर तळहात ठेवला. गार होतं. "बरं आहे. आधीच गरम करून ठेवली नाही," ते बाईंच्या कानाशी म्हणाले. गार इंजिन सुरू करताना आतली साखळी खडखडली, की दुखणं कळतं. गरम इंजिन ते लपवतं. किल्ली फिरली. साखळी खडखडली नाही. भावजींनी तेलाचं झाकण उघडून हुंगलं, आतून बोट फिरवलं, धुराच्या नळीशी पांढरा रुमाल धरला आणि बायको हा रुमाल शोधणार हे आठवून जरा हळहळले. मग चटई अंथरून गाडीखाली शिरले. खालून त्यांचा आवाज येत राहिला, आधी नुसते हुंकार आणि मग, "पुढचे रबर गेलेत... हे बदलावे लागतील... इथे जरा ओल आहे."

"घेऊ नये असं?" यजमानांनी वाकून विचारलं.

"दादा, इंजिन ठणठणीत आहे. मला भीती गिअरबॉक्सची आहे. ऑटोमॅटिक आहे हा. हा गेला, तर गाडी शोभेला ठेवायची."

बाई गाडीच्या दारापाशी गेल्या. "एक चक्कर मारू या," त्या म्हणाल्या. डॉक्टरांनी किल्ली पुढे केली, तर बाईंनी हात मागे घेतला. "तुम्ही चालवा. मी शेजारी बसते. मला गाडी तिथूनच कळते."

डॉक्टर बसले, पट्टा लावला, आणि गाडी हलवण्याआधी ओठांतल्या ओठांत पुटपुटले, "आरसा, आरसा, मान."

बाईंनी वळून त्यांच्याकडे पाहिलं. इतक्या माणसांना शिकवलं होतं. हाही असेल एखादा. पण चेहरा आठवेना आणि चूकही आठवेना, हे मात्र नवलच होतं. गाडी कधी निघाली ते कळलं नाही. ज्या हातानं हा माणूस लोकांना झोपवत असेल, त्याच हातानं त्यानं ती बाजारातून नेली, चढावर नेली, गतिरोधकावरून अशी अलगद उतरवली की मागच्या सीटवर दुमडून बसलेल्या यजमानांनी "आला का तो?" असं विचारलं. पुढे एक रिक्षा कसलाही इशारा न देता वळली. डॉक्टरांनी वेग आधीच कमी केलेला होता.

परत शेडमध्ये गाडी थांबली आणि बाई उतरायला म्हणून खाली पाहतात, तर त्यांचा उजवा पाय डाव्या पायाशेजारी नुसता ठेवलेला होता. त्यानं संपूर्ण रस्ताभर काहीही दाबलं नव्हतं. बाई त्याच्याकडे, बऱ्याच वर्षांनी शहाण्यासारख्या वागलेल्या नातेवाइकाकडे पाहावं, तशा पाहत राहिल्या.

"डॉक्टर, तुम्हाला गाडी कुणी शिकवली?"

"हिनं," डॉक्टर म्हणाले, आणि दारात हात पुसत उभ्या असलेल्या बायकोकडे बोट केलं.

त्या पुढे आल्या, थांबल्या, आणि दोन्ही हात तोंडावर ठेवून म्हणाल्या, "अगंबाई! बाई, तुम्ही?"

बाईंना चेहरा आठवला नाही. "पोस्टाच्या भिंतीवर गेली होती ती?" त्यांनी विचारलं.

"तीच! भिंतीवर गेले, मग परीक्षेत दोनदा नापास झाले. सासरी सगळे म्हणाले, आता पुरे कर. तुम्ही म्हणालात, भिंत जागेवर आहे, तुम्हीही जागेवर आहात, चला, पुन्हा. नंतर मी ह्यांना शिकवलं. हे चुकले की मी ओरडायचे."

"अजून ओरडते," डॉक्टर म्हणाले. "सिग्नलला शिकाऊ गाडी दिसली की माझा हात हॉर्नजवळसुद्धा जाऊ देत नाही. म्हणते, आत कुणीतरी मी आहे."

बाईंनी चष्मा काढून पुसला. चष्मा स्वच्छच होता.

एवढ्यात, गाडी थांबताच पुन्हा तिच्याखाली शिरलेले भावजी अर्धे बाहेर आले. त्यांना या भेटीगाठींशी कर्तव्य नव्हतं. "डॉक्टर, गिअरबॉक्सचं तेल कधी बदललंय? खरं सांगा. बोल्टवर पान्याच्या खुणा दिसतायत."

"शोरूमवाले म्हणाले होते, हात लावू नका, आयुष्यभराचं तेल आहे."

"सगळे तेच सांगतात!" भावजी उसळले. "कुणाचं आयुष्य, ते विचारलंत का?"

"हिनं विचारलं," डॉक्टर म्हणाले. "त्यांना सांगता आलं नाही. मग आम्ही बाहेर नेऊन बदललं. नंतर पुन्हा एकदा."

डॉक्टरांची बायको ब्रेकबाईंकडे वळली. "तुम्हीच बॉनेट उघडून शिकवायचात ना? आयुष्यभर टिकणारं असं गाडीत काही नसतं, म्हणायचात. आत बसणाऱ्यांनी टिकावं, म्हणून बाकीचं बदलत राहायचं."

हे आपण म्हणालो होतो, हे बाईंना आठवत नव्हतं. पण म्हटलं असणार, आणि कुणीतरी ते इतकी वर्षं, एवढ्या किलोमीटरवर, एका निळ्या गाडीतून नेत राहिलं होतं.

भावजी उठून उभे राहिले. कपडे झटकले. "वहिनी, घ्या," ते म्हणाले. "रबर मी घालून देतो. पाच वर्षं जाईल. मला विचाराल तर जास्तच जाईल, पण तेवढं लिहून देणार नाही."

"चंद्रापर्यंत?" यजमानांनी विचारलं. त्यांना अजून मागच्या सीटवरून बाहेर काढायचं राहिलं होतं.

"दादा, तू आधी खाली उतर."

कागदपत्रं झाली त्या दिवशी सगळे पुन्हा त्याच शेडपाशी जमले. बाई गाडीत बसल्या, सीट पुढे ओढली, पट्टा लावला. यजमान सवयीनं शेजारचं दार उघडायला गेले, तर डॉक्टरांच्या बायकोनं त्यांना हातानं थांबवलं. मग खिडकीतून वाकून तिनं सीटवरची बाईंची पर्स उचलली आणि स्वतःच्या खांद्याला अडकवली.

"जा बाई," ती म्हणाली. "एक चक्कर एकट्यानं मारून या."

बाईंनी मागे वळून पाहिलं, शेजारी पाहिलं. गाडीत कुणी नव्हतं. गाडी चालत असताना त्यात आपल्याशिवाय कुणीच नाही, असं त्यांच्या आयुष्यात आजवर घडलं नव्हतं. त्यांनी यजमानांकडे पाहिलं. ते म्हणाले, "मी इथेच आहे. उशीर झाला तर दंड नाही."

"आरसा," बाई मोठ्यानं म्हणाल्या. "आरसा. मान."

बाहेरच्या आरशात सगळी मंडळी लहान होत गेली. शेवटपर्यंत दिसली ती खांद्याला पर्स अडकवून फुटपाथवर उभी असलेली एक बाई, आणि तिचा उजवा पाय फरशी दाबत होता.

बाजाराच्या सिग्नलला पुढे एक शिकाऊ गाडी होती. दिवा हिरवा झाला, ती गचका खाऊन बंद पडली. पुन्हा सुरू झाली, पुन्हा बंद पडली. ब्रेकबाईंचा पाय खऱ्या ब्रेकवर शांत होता. त्या अंतर राखून थांबल्या. हात मांडीवर ठेवले.

मागून कुणीतरी हॉर्न वाजवला. तो त्यांचा विद्यार्थी नसावा. असलाच, तर नापास झालेला.